जमनाबायचं ट्रेडमिल

जमनाबायने आयुष्यात कुणाला "अहो" म्हटलं नाही. डॉक्टर, बँकेतला साहेब, मतं मागायला आलेला पुढारी, सगळे "तू". एकदा मी तिला म्हटलं, "अगं, मोठ्या माणसांना जरा मान द्यावा." तर म्हणाली, "दर्याला मी तू म्हनते. तो यांच्यापेक्षा बारीक हाय काय?"

आमची पहिली भेट झाली ती मी लग्न होऊन तारापूरच्या कॉलनीत आले त्या वर्षी. माझं माहेर साताऱ्याकडचं. नवरा अणुवीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे आता आपणही आधुनिक झालं पाहिजे असं मी ठरवून टाकलं होतं. एका मासिकात वाचून मी पहाटे "फिरायला" जात असे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं, कोपरं वाकवून हात इंजिनाच्या दांड्यासारखे मागेपुढे. वर चेहरा गंभीर. आज तो अवतार आठवला की वाटतं, एखाद्याने दगड कसा मारला नाही.

तर अशी मी चालले होते आणि मागून डोक्यावर माशांची टोपली घेतलेली, काष्टा मारलेली एक बाई आली आणि मला मागे टाकून पुढे गेली. हात मोकळे सोडलेले, मान सरळ. पुढे जाऊन ती थांबली. डोक्यावर ओझं असल्यामुळे तिला नुसती मान वळवता येईना, म्हणून ती अख्खीच्या अख्खी माझ्याकडे वळली.

"काय गो वयनी, मागं कुत्रं लागलंय?"

"नाही. फिरायला चाललेय."

"कुठं?"

"कुठं नाही. त्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं."

तिने खरोखर विचार केला. मग म्हणाली, "तिथं काय इसरलीस काय काल?"

मी फणकाऱ्याने घरी आले आणि ह्यांना म्हटलं, इथल्या बायका फार उद्धट आहेत. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "टोपलीत काय होतं?"

टोपलीत बोंबील होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण ती थेट आमच्या दारात येऊन बसली. जमनाबाय जवळच्या दांडी गावची. नवरा बोटीवर जायचा आणि ही त्याने आणलेला मासा कॉलनीच्या दारोदार विकायची. मला साताऱ्यात शिकवलेली माशांची एकच जात माहीत होती, ती म्हणजे "मासे". मी आपली चेहरा बघून घ्यायची. ज्याचा डोळा प्रेमळ वाटेल तो मासा. जमनाबायने ते चार-सहा वेळा पाहिलं आणि मग तिला राहवेना. तिने एक पापलेट उचललं, अंगठ्याने त्याचा कल्ला उघडला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"तोंड नको बघू गो. तोंड सगल्यांचं चांगलंच असतं. कल्ले बघ. आत लाल हाय तर ताजा."

हे तिचं आयुष्यभराचं वाक्य. माझ्या मुलीला स्थळ आलं, मुलगा गोरा, उंच, बोलका. मी खुलले. जमनाबाय पायरीवर बसून कोलंबी सोलत होती. म्हणाली, "तोंड सांगितलंस. कल्ले बघितलेस काय?" आम्ही चौकशी केली आणि ते स्थळ मोडलं. दुसरं आलं, ते अजून टिकून आहे.

पुढे ह्यांची नोकरी संपली, आम्ही कॉलनी सोडून बोईसरला फ्लॅट घेतला. जमनाबायने टोपली उतरवून बोईसरच्या बाजारात बसायला सुरुवात केली. तिचा नवरा गेला, पुढे माझेही गेले. तिचा मुलगा हरेश शिकून नाशिकला कंपनीत लागला. जमनाबाय दांडीच्या घरात एकटी राहू लागली. घर लहान, पण ओट्यावर बसलं की समोर सबंध दर्या. तिच्या लेखी बाकी जग हे त्या ओट्याचं मागचं अंगण होतं.

आणि मग ती पडली. बंदराच्या उतारावर शेवाळं होतं, त्यावरून पाय गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. बोईसरला ऑपरेशन झालं, आत सळी घातली. डॉक्टर चांगला होता. त्याने सांगितलं, रोज चालायचं, नाहीतर पाय आखडेल. पण सपाट जागेवर, धरायला काहीतरी असेल अशा ठिकाणी. वाळूत नाही, चिखलात नाही. हे त्याने सांगितलं जूनच्या तोंडावर. आमच्याकडे पावसाळ्यात दांडीच्या रस्त्यावर सपाट जागा शोधायची म्हणजे डॉक्टरलाच घेऊन यावं लागलं असतं.

हरेश आला. गुणी मुलगा, खोटं कशाला बोला. माझ्या समोरच तो आईला म्हणाला, "आई, तू चल नाशिकला. घर बंद करू. तू परत पडलीस तर बघणार कोण? काकू, तुम्हीच सांगा हिला."

मी काय सांगणार? तो बरोबरच बोलत होता. मी जमनाबायकडे पाहिलं. ती वॉकरला धरून उभी होती आणि तिचा जबडा पुढे आला होता. मोठ्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना यायचा तसा.

"नाशिकला दर्या हाय?"

"नदी आहे ना."

"गोडं पानी," ती म्हणाली. बुरशी आलेल्या भाकरीबद्दल बोलावं तशी म्हणाली. मग सौदा टाकला. "ऐक हरेश. नारली पुनवेला मी माज्या पायांनी दर्यावर जाईन. कुनी धरनार नाय, हे लोखंड नाय. नारल देऊन परत येईन. आले तर इथंच राहीन. नाय जमलं तर तुज्या गाडीत बसीन, मग तू मना गोड्या पान्यात बुडव नायतर काय कर."

हरेशने कबूल केलं. त्याला वाटलं, कबूल करायला काय जातंय.

दुसऱ्या दिवशी जमनाबायचा मला फोन. "वयनी, डॉक्टरच्या त्या व्यायाम शिकवनाऱ्या पोरीकडं एक मशीन हाय बघ. जमीन पलते, आपन उभं. तसलं घरी आनायचं. तू चल."

मला इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. "जमनाबाय, तू ट्रेडमिलवर? कुठेही न जाता चालणार? तिथं काय विसरलीस गं?"

माझा हा बाण किती वर्षं भात्यात पडून होता. पण ती हसली नाही. म्हणाली, "घर सुटायची येल आलीय. तू येतेस काय सांग."

मी नातवाला फोन लावला. त्याने मला परीक्षेला बसवल्यासारखं शिकवलं. मोटरच्या ताकदीचे दोन आकडे असतात, मोठा आकडा क्षणभराच्या जोराचा, तो ऐकून भुलायचं नाही, सतत किती ओढते ते विचार. पट्टा रुंद हवा. दोन्ही बाजूंना लांब दांडे हवेत. अगदी हळू सुरू होणारं हवं. चढायची पायरी बुटकी हवी. आणि बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस बोईसरमधला हवा, मुंबईहून येतो म्हणणारा कधी येत नाही. मी सगळं जमनाबायला समजावलं. क्षणभराच्या जोराचा मुद्दा तिला लगेच पटला. "माज्या नवऱ्याचं तसंच होतं," ती म्हणाली. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

पहिलं दुकान बोईसरचं, चकचकीत, थंडगार. विकणारा पोरगेला, हसरा. "आइए माताजी, ये देखिए, इसमें टीवी है, गाना है, मोबाइल जुड़ता है."

"चालते काय?" जमनाबायने विचारलं.

"माताजी, पूरे तीन हॉर्सपॉवर!"

"क्षणभर की सतत?" मी विचारलं. पोराचं हसू जरा सैल झालं. तेवढ्यात जमनाबायने मशीनच्या पुढच्या झाकणावर टिचकी मारली. "हे उघड. कल्ले दाखव."

"क्या दिखाऊँ?"

"अंदर का," मी म्हटलं. "मोटर."

त्याने सांगितलं की झाकण उघडता येत नाही, कंपनीचा नियम आहे. "मग तोंडावर नाय घेनार," जमनाबाय म्हणाली. त्याने परवडणारं म्हणून दुसरं दाखवलं. बिनदांड्याचं, पाटासारखं चपटं, पलंगाखाली सरकतं. जमनाबायने त्याच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. "धरू काय? तुजे कान?"

शेवटी दांड्यांचं एक बरं मशीन निघालं. पोराने चालवून पाहा म्हटलं. जमनाबाय चढली, दोन्ही हातांनी दांडे धरले, मान खाली घालून पायांकडे पाहायला लागली. पट्टा सरकला. आणि आयुष्यभर वाळूत, चिखलात, लाटेत चाललेली ती बाई तिथे चालूच शकली नाही. एक पाय मागे गेला, दुसरा कुठे ठेवायचा ते कळेना, खुब्यात कळ आली आणि ती खाली बसतेय तोवर मी लाल बटण दाबलं.

पोरगा वाईट नव्हता. पण बोलून गेला, "माताजी, आप रहने दो. आपके लिए मसाज वाली कुर्सी अच्छी रहेगी."

"खुर्ची तुज्या आयशीला दे," जमनाबाय म्हणाली, पण त्यात दम नव्हता. परतीच्या रिक्षात ती काही बोलली नाही. पालघरला आणखी एक दुकान पाहायचं ठरलं होतं, मी विचारलं तर नुसती नकाराची मान हलवली. मला तिच्या शिव्यांची सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. नाशिकची गाडी मला बोईसरच्या नाक्यावर येऊन उभी राहिलेली दिसायला लागली.

तेव्हा मीच पुढचं ठरवलं. कॉलनीतल्या एका कुटुंबाची बदली झाली होती आणि त्यांना मशीन विकायचं होतं. जमनाबायला मी खोटं सांगितलं की तिथे चहाला जायचं आहे.

त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "अगदी नवीन आहे हो, वापरलेलंच नाही." वापरलेलं नव्हतं असं कसं म्हणू? त्याच्यावर सबंध घराचे कपडे वाळत होते. एका दांड्यावर परकर, दुसऱ्यावर साहेबांच्या विजारी, समोरच्या स्क्रीनवर बनियन. बाईंनी गडबडीने सगळं गोळा करून एका टबात टाकलं. खाली दांड्यांचं, रुंद पट्ट्याचं, बुटक्या पायरीचं मशीन निघालं. आतापर्यंत खुर्चीत मुकाट बसलेली जमनाबाय सवयीने म्हणाली, "झाकन उघड." बाईंनी निमूट स्क्रू काढले. आत धुळीचे गोळे आणि लहान मुलाचा एक मोजा. जळल्याची खूण नाही, वास नाही. "कल्ले बरे हाय," ती पुटपुटली.

मग मला चढवलं, कारण माझं वजन हाच मशीनचा खरा कस होता. पट्टा माझ्या खाली अडखळला नाही, हे मी अभिमानाने नमूद करते. मी पहाटे फिरायच्या दिवसांतल्यासारखे हात मागेपुढे करत चार पावलं तोऱ्यात चालले. पदर दांड्यात अडकला आणि मी ओरडले. जमनाबाय हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू.

आणि हसता हसता ती त्या टबाकडे पाहायला लागली.

"बाय, फडका दे एक," ती त्या घरच्या बाईंना म्हणाली. फडकं आलं. तिने ते पिळून, गोल वळवून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. "आता तो टब दे वर."

"अगं, ओले कपडे आहेत," मी म्हटलं. "डॉक्टरांनी..."

"डॉक्टरच्या बाचं डोकं नाय. दे."

अर्ध्याहून जास्त कपडे काढून मी टब तिच्या डोक्यावर ठेवला. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिची मान वर आली. पाठ सरळ झाली. खाली पाहणं बंद झालं, कारण डोक्यावर ओझं असताना खाली पाहता येतच नाही. ती दांडा धरून चढली, पट्टा सगळ्यात हळू सुरू केला. एक पाऊल. दुसरं. मग तिने एक हात सोडला. कॉलनीच्या रस्त्यावर मला मागे टाकून गेलेली ती चाल, लंगडी, म्हातारी, पण तीच. त्या घरातल्या बाई तोंडावर हात ठेवून उभ्या. टबातून साहेबांच्या विजारीचा एक पाय बाहेर लोंबत होता.

"ओझं नाय तर पाय कशाला चालतील गो?" जमनाबाय म्हणाली. "त्यांना वाटतं, बाय रिकामीच हाय, बसंल कुठंतरी."

भाव कसा ठरला ते सांगत नाही. एवढंच सांगते की शेवटी त्या बाईच जमनाबायकडे वरकड म्हणून सुकी करंदी मागत होत्या.

मशीन टेम्पोतून दांडीला गेलं. मी म्हटलं, आतल्या खोलीत, भिंतीशी ठेव. ओट्यावर खारा वारा आहे, एका पावसाळ्यात गंज चढेल. तिने ते ओट्यावरच ठेवलं, पागोळ्या लागणार नाहीत इतपत आत, तोंड दर्याकडे करून. "भिंतीकडं बघत चालायला मी काय तुरुंगात हाय?" ट्रेडमिल खाऱ्या वाऱ्यात ठेवणारी बाई साऱ्या दुनियेत ही एकच असेल, असं मी म्हटलं. "मग दुनियेला दर्या नसंल," ती म्हणाली.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला मी गुपचूप सगळं सांगितलं. ती आधी घाबरली, मग येऊन पाहून गेली आणि म्हणाली, चालेल, पण टोपली रिकामी ठेवा आणि एक हात दांड्यावर असू दे. दांड्याचं जमनाबायने ऐकलं. पण रिकामी टोपली डोक्यावर घेऊन कोळीण निघत नाही, तो अपशकुन. तिने टोपलीत एक नारळ ठेवला, लोळू नये म्हणून भोवती फडकी खोचली. तोल गेला तर मशीन बंद करणाऱ्या दोरीचा चिमटा काष्ट्याला लावला आणि सबंध पावसाळा ती त्या नारळाला घेऊन चालली. समोर दर्या गढूळ, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. रस्त्याने जाणारे विचारायचे, "जमनाआत्या, कुठं चाललीस?" ती म्हणायची, "नाशिकला नाय."

नारळी पुनवेला हरेश गाडी घेऊन आला. आईचं सामान मावावं म्हणून गाडीची डिकी रिकामी करून आला होता. जमनाबायने नवं लुगडं नेसलं, चुंबळ ठेवली, टोपली चढवली. टोपलीत तोच नारळ. वॉकर तिने दाराला टेकवून ठेवला.

रस्ता संपेपर्यंत ती छान गेली. मग वाळू लागली. वाळू म्हणजे पट्टा नव्हे, हे मला त्याच क्षणी सुचलं. ओल्या वाळूत तिचा दुखरा पाय घोट्यापर्यंत रुतला. ती कलली. टोपली कलली. हरेश धावला.

"हात लावू नको," ती पुढेच बघत म्हणाली. "टोपली पडंल."

तो जागच्या जागी थांबला. ती तशीच उभी राहिली. मग तिने तो पाय हळूच, सावकाश उपसून काढला, जाळ्यातला मासा काढावा तसा, आणि पुढे टाकला. पुढचा टाकला. पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली, टोपली उतरवली, नारळ दर्याला दिला. एवढा चाललेला नारळ त्या दर्याला आजवर कुणी दिला नसेल.

परत यायला तिला फार वेळ लागला. हरेश सगळा रस्ता तिच्या मागे हातभर अंतरावर चालत होता, दोन्ही हात पुढे धरून, पण लावले नाहीत. ओट्यावर बसल्यावर ती म्हणाली, "डिकी रिकामी नेऊ नको, बरं दिसत नाय." आणि सुक्या बोंबलांचं पोतं आणायला लावलं. नाशिकपर्यंत गाडीला वास आला असणार. हरेशने परत कधी तो विषय काढला नाही.

मशीन दुसऱ्या पावसाळ्यानंतर बंद पडलं. सांध्यासांध्यात गंज. मी म्हटलं, "सांगितलं होतं की नाही?" जमनाबायने त्याच्या दांड्यांवर दोरी बांधून बोंबील वाळत घातले होते. कॉलनीवाल्या मशीनवर कपडे वाळवतात, ही त्याच्या पुढे गेली. म्हणाली, "ते गंजलं तर गंजू दे. त्याच्यावर गंज आला म्हनून माज्यावर नाय आला." तोवर ती बंदरापर्यंत जाऊन येत होती, डोक्यावर टोपली घेऊन, टोपलीत काहीतरी ठेवून.

गेल्या वर्षी गेली. आजारी अशी पडली नाही. सकाळी ओट्यावर बसली होती आणि उठली नाही. तिच्या घरातूनच तिला नेलं. हरेशने मला विचारलं, काकू, आईची आठवण म्हणून काही हवं का? मी चुंबळ मागून घेतली.

आता माझी मुलगी मला पुण्याला चल म्हणते. गुडघे बोलतात, फ्लॅटच्या जिन्यात मी एकदा बसून राहिले होते, ते शेजारणीने तिला कळवलं. मुलगी बरोबरच बोलते. मुलं बरोबरच बोलतात, तीच तर अडचण आहे.

परवा मी त्याच चकचकीत दुकानात गेले. तो पोरगा आता जाडा झालाय आणि तिथला मालक असल्यासारखा उभा असतो. "आइए माताजी. किसके लिए चाहिए? बेटे के लिए?"

"मेरे लिए," मी म्हटलं. पिशवीतून चुंबळ काढून काउंटरवर ठेवली आणि मशीनच्या झाकणाकडे बोट केलं. "उघड."